दीड हाताचा बांध

गावाच्या कट्ट्यावर माणिकरावाचा फोटो लावलाय. वर कन्नडमध्ये लिहिलंय, खाली मराठीत. देशसेवक, देश पाहिलेले, कुटुंबवत्सल. मी चौथीपर्यंत शिकले, तेवढं वाचता येतं. पहिल्या दोन गोष्टी मला मान्य आहेत. तिसरी कुणी लिहिली, असं मी पंचायतीतल्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, "अक्का, समद्यांच्याच बोर्डावर असतंय ते." म्हणजे छापखान्यातूनच येतो तो शब्द. बरं झालं, कुणाच्या मनातून आला नाही.

माणिकराव माझा धाकटा दीर. त्याची बायको काशी ही माझी धाकटी बहीण. हे लग्न मीच जुळवलं. मी आधी त्या घरात नांदत होते, दीर फौजेत लागला होता, बापाच्या घरी बहीण वाढत होती. वाटलं, डोळ्यांसमोर राहील. ती चूक माझी. तिचं खापर मी दुसऱ्या कुणावर फोडत नाही.

फौजेत तो रसदीच्या खात्यात होता. पीठ, डाळ, रॉकेल, बूट असलं सामान डोंगरावर पोचवायचं. लढाई बघितली नाही म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. लढणाऱ्यालाही भाकरी लागते आणि ती पोचवणाराही लागतो. पठाणकोट, जोधपूर, लेह, तेजपूर, जबलपूर, कुठं कुठं राहून आला. भालकीच्या स्टेशनावर उतरला की आधी निरोप यायचा, बैलगाडी पाठवा. हातात एक पेटी आणि एक वळकटी, तेवढी त्याला उचलत नसे. पेटीवर पांढऱ्या रंगात त्याचं नाव आणि नंबर. ती काळी पेटी सोप्यात मधोमध ठेवायची आणि माणसं जमेपर्यंत उघडायची नाही. माणसं जमली की उघडायची. सरपंचाला काश्मिरी शाल. तलाठ्याला मफलर. पाटलाला सुकामेवा. शेवटी, माणसं उठायला लागली की काशीला एक जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा मग. दर सुट्टीला एक मग. काशीकडं असे नऊ मग झाले होते. एकात ती मीठ ठेवायची, एकात हळद, बाकीच्यांत कोंबड्यांना पाणी.

त्याचं ठरलेलं बोलणं होतं, "वैनी, मी दुनिया बघितलीय." पिठलं वाढलं की म्हणायचा, जोधपूरला कढी अशी मिळते. कढी केली की म्हणायचा, जबलपूरला पिठलं बरं होतं. ऊन पडलं तर लेहची थंडी काढायचा, थंडी पडली तर जोधपूरचं ऊन. जिथं असेल तिथलं काही त्याला कधी चाललं नाही. म्हशीशी हिंदीत बोलायचा. म्हैस ऐकायची नाही, तर म्हणायचा, "अनाडी आहे."

पेन्शनीत आल्यावर गळ्यात शिट्टी आली. सकाळी सहाला एक शिट्टी, जेवायला एक, संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी एक. त्या शेवटच्या शिट्टीला घरातल्या सगळ्यांनी अंगणात यायचं आणि हा मोजायचा. त्याला तो नफरी म्हणायचा. स्वतः, काशी, मुलगा सतीश आणि मुलगी सुमन. "नफरी चार," असं मोठ्यानं म्हणायचा आणि मग आत जायचं. चुलीवर दूध उतू गेलं तरी आधी नफरी. गावातल्या माणसांना याचं कौतुक. "शिस्त बघा मेजरसाबाची, कुटुंबाला कसं जपायलाय." हवालदार म्हणून आला होता, गावानं मेजर केला, त्यानंही करून घेतला.

कुटुंबाला त्यानं एकदा तेजपूरला नेलं होतं, हे खरं आहे. पोरं लहान होती. दोन वर्षं तिथं राहिली. गावात केवढा गवगवा, काशी आसामात गेली. परत आली तेव्हा आम्ही बाया तिच्याभोवती बसलो.

"काय बघितलीस गं?"

"पाणी सकाळी पाचला यायचं आन् दुपारी चारला."

"ते न्हाई गं. तिथं लई मोठी नदी हाय म्हणतेत."

"हाय म्हणं. दिसायची न्हाई क्वार्टरातून. म्या म्हणले दाखवा. म्हणले, पुढच्या रयवारी."

"मग?"

"मग काय. दोन सालात लई रयवार झाले."

तिनं हे हसत सांगितलं. काशी कधी कुरकुर करायची नाही. तिच्या जागी मी असते तर त्याच नदीत त्याची पेटी टाकली असती.

सुट्टीवर आला असताना एकदा त्यानं वाटणी मागितली. माझे मालक म्हणाले, "घे की, तुझंच हाय." मालकांना वाटलं, मधे एक दगड रोवला की झालं. यानं पेटीतून टेप काढला. तीन दिवस टेप धरून रान मोजलं आणि मधे मातीचा बांध घालायला लावला. दीड हात रुंद, गुडघ्याएवढा उंच. मालक म्हणाले, "भावाभावात एवढा कशाला?" हा म्हणाला, "काम पक्कं असावं, अण्णा." त्याआधी येळवशीला आमच्या दोन्ही घरांची एकच कोप असायची. त्या सालापासून दोन झाल्या.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. आमच्या बिदर भागात, तिकडं लातूर-उदगीरला दिवाळीपेक्षा तिचं महत्त्व जास्त. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे. हरभरा, तूर, वाल, जे हिरवं हाताला लागेल ते घालून भज्जी, ज्वारीची आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. आणि एक रीत अशी की त्या दिवशी आपल्या कोपीवर आलेल्याला परत लावायचं नाही, आणि दुसऱ्याच्या कोपीवरून कुणी हाक मारली तर नाही म्हणायचं नाही. वर्षभर कोर्टात भांडणारे त्या दिवशी एकमेकांची आंबील पितात आणि दुसऱ्या दिवशी परत कोर्टात जातात.

माणिकरावाच्या कोपीवरची येळवस बघायला माणसं लांबून यायची. ताटं घेऊन रांगेत उभं राहायचं. शिट्टी झाली की वाढायचं. बसायचं तेही रांगेत. भज्जी दुसऱ्यांदा मागितली तर म्हणायचा, "लाइन मधून या." सगळ्यांना जेवायला बसवून तो गोष्ट सांगायचा. "फौजेत एकच लंगर. पंजाबी, मद्रासी, गुरखा, आपण, एका भांड्यातलं खायचो. जात न्हाई, भाषा न्हाई. गावात बसून तुम्हाला काय कळणार." दर येळवशीला हीच गोष्ट. मी बांधाच्या अलीकडून ऐकायची.

सुमननंही ती लहानपणापासून ऐकली. आणि पोरीनं ती खरी धरली.

सुमन चिटगुप्प्याला शाळेत शिकवायला लागली. तिथं बसवराज नावाचा मास्तर होता, लिंगायताचा, घरात कन्नड बोलणारा. चांगला माणूस, अजूनही आहे. सुमननं घरी येऊन सरळ सांगितलं, मला यांच्याशी लग्न करायचंय. माणिकरावानं संध्याकाळी शिट्टी वाजवली. सगळे अंगणात आले, सुमनही आली. त्यानं मोजलं आणि म्हणाला, "नफरी तीन." ती समोर उभी होती. मग आत गेला आणि जेवला.

तिनं चिटगुप्प्यालाच लग्न केलं. यानं काशीला सांगितलं, "ती वेशीच्या आत आली त्या दिवसापासून मी अन्नाला शिवणार न्हाई. मग तू ठरव." एवढंच. मारलं नाही, ओरडला नाही. काशीला मोबाईल घेऊ दिला नाही. म्हणायचा, "मी घरीच असतो की. तुला कुणाशी बोलायचंय?" आम्ही तूर तोडायला गेलो की मी माझा फोन तिच्या कानाला लावायची. ती बोलायची कमी, ऐकायची जास्त. बोलणं झालं की पदरानं फोन पुसून द्यायची, जसं काही त्यावर बोललेलं उमटलं असेल.

मीच एकदा तिला म्हणाले, "काशे, रान वेशीच्या आत हाय का बाहेर?"

"बाहेर."

"आन् माझी कोप कुणाची?"

तिला कळायला वेळ लागला, कारण तिच्या डोक्यात तो काय म्हणेल याच्याशिवाय दुसरं काही शिरत नव्हतं.

त्या सालच्या येळवशीला सुमन आणि बसवराज चिटगुप्प्याहून मोटारसायकलवर थेट माझ्या रानात आले. वेशीला शिवले नाहीत. मी बांधावरून हाक मारली, "काशे, आंबील प्यायला ये." येळवशीची हाक, नाही म्हणता येत नाही. काशी हातातला उंडा तसाच घेऊन बांध ओलांडून आली. अर्धा तास बसली. सुमनच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि म्हणत होती, "केसाला तेल लाव की गं." तेवढंच बोलली. मग पलीकडं शिट्टी झाली आणि ती उठून गेली.

अशी बारा वर्षं झाली. वर्षातून एक दिवस, अर्धा तास. सगळ्या गावाला ठाऊक होतं. माणिकरावालाही ठाऊक होतं, कारण त्याच्याकडं दुर्बीण होती. येळवशीला ती गळ्यात असायची, शिट्टीच्या शेजारी. काशी बांध ओलांडून आली की हा आपल्या कोपीसमोर उभा राहून दुर्बीण लावायचा. लोकांना सांगायचा, पाखरं बघतोय. चाळीस पावलांवर आम्ही बसलेलो. आमच्याकडं दुर्बिणीतून बघायचा आणि म्हणायचा पाखरं. मी एकदा त्याच्या दिशेला तोंड करून दात विचकले. दुर्बीण लगेच दुसरीकडं वळली.

तेराव्या साली, दसऱ्यानंतर काशीला वाऱ्याचा झटका आला. डावी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं, पण डोकं शाबूत होतं. येळवस जवळ आली तसं तिनं मला विचारायला सुरुवात केली. "किती दिस?" मी सांगायची, बारा दिस. दहा दिस. तिला चालता येत नव्हतं. माझ्या कोपीवर यायचं तर तिला आधी त्यानं आपल्या कोपीवर आणायला हवं होतं. चार दिवस राहिले तेव्हा त्यानं जाहीर केलं, यंदा आपली कोप नाही.

मी गेले त्याच्या घरी. तो अंगणात खुर्ची टाकून बुटाला पॉलिश करत होता. पेन्शनीत येऊन वीस वर्षं झाली तरी रोज पॉलिश.

"कामून न्हाई कोप?"

"पेशंट आहे घरात, वैनी. डॉक्टरनं धुळीत नेऊ नका म्हणलंय."

"कवा म्हणला?"

"म्हणलाय."

"मी गेलते की संगं. माझ्यासमोर तर हवेत बसवा म्हणला."

त्यानं बुटात तोंड बघितलं. "प्रत्येक गोष्टीत वाद घालू नये, वैनी. मी दुनिया बघितलीय."

आतून काशी सगळं ऐकत होती. मी आत गेले तर भिंतीकडं तोंड करून पडलेली. म्हणाली, "असू दे, अक्का. पुढच्या साली." मला तिचा राग आला. पुढचं साल तिला कुठून दिसत होतं कोण जाणे. मी म्हणाले, "तुझं पुढचं साल घाल चुलीत," आणि घरी आले.

येळवशीच्या सकाळी मी, माझी सून मंगल, शेजारची गौराबाई आणि आमच्या रानात कामाला येणारी शांता अशा चौघी गेलो. काशीला बाजेवर नीट निजवलं, अंगावर चादर घातली आणि बाज उचलली. आम्ही अंगणात आलो तर तो दारात.

"ठैरो. कुठं नेताय?"

"रानात."

"माझी परवानगी न्हाई."

"मागितली कुणी?"

त्यानं शिट्टी वाजवली. जोरात, लांब. गल्लीतली माणसं बघायला लागली. आम्ही चौघीही क्षणभर थांबलो, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांची सवय होती कानाला. मग गौराबाई म्हणाली, "भावजी, खांदा द्यायचा तर द्या, न्हाईतर वाट सोडा."

बाजेवरून काशी म्हणाली, "अगं, जिती हाय मी अजून."

तिच्या वाकड्या तोंडातून ते असं आलं की शांताला हसू फुटलं. मग मंगलला, मग मला. बाज हलायला लागली. त्यानं आणखी एकदा शिट्टी वाजवली. आम्ही त्याच्या बाजूनं निघून गेलो आणि काहीच झालं नाही. त्या दिवशी मला कळलं, त्या माणसाजवळ शिट्टीशिवाय दुसरं काही नव्हतं. तिलाच आम्ही एवढी वर्षं उठत-बसत होतो.

रान दीड मैल. मधे तीनदा टेकवावी लागली बाज. सुमन सामोरी धावत आली आणि शांताची बाजू तिनं घेतली. बसवराज पुढं झाला, तर काशीनं त्याला हातानं थांबवलं. "बायकाच नेऊ देत." त्याला ते कळलं, तो मागं सरला.

कोपीच्या सावलीत बाज ठेवली. सुमन आईला चमच्यानं आंबील पाजायला लागली. अर्धी तोंडात जायची, अर्धी हनुवटीवरून खाली. थोड्या वेळानं मंगल म्हणाली, "आत्या, ते बघा." पलीकडच्या रानातून माणिकराव येत होता. कडक इस्त्रीचे कपडे, पॉलिशचे बूट, गळ्यात दुर्बीण. त्याच्या रानात त्या वर्षी कोप नव्हती, पांडव नव्हते, काही नव्हतं. चालत बांधापर्यंत आला आणि थांबला.

सुमन उठली. बारा वर्षांत तिनं त्याला जवळून बघितलं नव्हतं. बांधापासून पाच पावलांवर गेली आणि म्हणाली, "अप्पा, या. आंबील घ्या."

येळवशीची हाक. शेजारच्या चार कोपींवरची माणसं बघत होती. बसवराज उभा राहिला आणि त्यानंही हात जोडून म्हटलं, "या मामा."

माणिकराव म्हणाला, "मी राखणीला आलोय. रानडुकरं लई झालीत."

"भर दुपारी?" मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. सुमनकडंही नाही. दुर्बीण डोळ्यांना लावली आणि आमच्या डोक्यावरून लांब कुठंतरी बघायला लागला. सुमन वाडगा धरून उभी. ती वळून आईजवळ आली तेव्हा काशी जड जिभेनं म्हणाली, "येतील गं. पुढच्या रयवारी."

मी हसले, गौराबाई हसली. सुमनला आधी कळलं नाही, मग तीही रडता रडता हसली. त्यानं ऐकलं. दुर्बीण खाली आली नाही, पण त्यानं ऐकलं, कान लाल झाले होते. अख्खा हिंदुस्थान पायाखाली घातल्याचं सांगणारा माणूस, आणि त्याला दीड हात ओलांडता येईना. तो बांध त्यानंच टेप लावून घातलेला.

त्या दिवशी काशी अर्धा तास नाही, दिवस मावळेपर्यंत सुमनजवळ राहिली.

होळीच्या आधी ती गेली. सुमन वेशीच्या आत आली, आईच्या उशाला बसली. कुणी अडवलं नाही. माणिकराव सोप्यात भिंतीकडं तोंड करून बसला होता. त्या घरात चूल पेटत नाही म्हणून संध्याकाळी मी माझ्या घरून पिठलं-भाकरी नेली. मला बघायचं होतं. अन्नाला शिवणार नाही म्हणाला होता. त्यानं दोन भाकरी खाल्ल्या आणि वर अर्धी मागून घेतली. मी तिथंच उभी होते. म्हणजे काशी तेरा वर्षं ज्याला भ्यायली, त्या बोलण्यात एवढासुद्धा दम नव्हता. तिला एकदा तरी करून बघायला सांगायला हवं होतं मी. ते सुचलं नाही, याचं मला वाईट वाटतं. त्याच्याबद्दल मला दुसरं काही वाईट वाटत नाही.

मागच्या येळवशीला तो परत रानात आला, एकटाच. सतीश हैदराबादेला नोकरीला, तो आलाच नाही. कोप नव्हती. घडीची खुर्ची आणली होती, ती बांधाजवळ त्याच्या बाजूला मांडली आणि बसला. दुर्बीण नव्हती, शिट्टीही नव्हती. आता मोजायला स्वतःशिवाय कोण होतं?

सुमननं ताट वाढलं. भज्जी, उंडे, खीर. माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मोठीआई, तू दे. माझ्याकडून हाय म्हणून सांग."

मी गेले. त्याच्या हातात दिलं नाही. बांधावर मधोमध ठेवलं. "सुमननं दिलंय," म्हणाले. त्याला हात लांब करावा लागला. खुर्ची जरा पुढं सरकली असती तर बरं झालं असतं, पण खुर्चीचे पाय त्यानं बांधाला लागू दिले नाहीत. ताट घेतलं, मांडीवर ठेवलं आणि खायला लागला. सगळं खाल्लं. मग तांब्यातल्या पाण्यानं ताट स्वतः धुतलं, फडक्यानं पुसलं आणि परत बांधावर पालथं ठेवलं, अगदी सरळ. मी उचलायला गेले तेव्हा म्हणाला, "भज्जीत मीठ कमी होतं."

त्यानंतर मी त्याला हिंडता-फिरता बघितलं नाही. थंडी संपेपर्यंत अंथरुणावर होता, मग गेला. तिरंगा आला, बिदरहून चार जुने फौजी आले, सलामी झाली. भाषणं झाली. तो देश किती फिरला ते सगळ्यांनी सांगितलं.

माणसं पांगल्यावर सुमननं मला बाजूला घेतलं. "मोठीआई, त्या दिशी ताट परत देताना अप्पा काय म्हणले? मला लांबून त्यांचं तोंड हललेलं दिसलं. तू सांगितलीच न्हाईस."

मी सांगितलं. ती म्हणाली, "माझ्याच हातात मीठ कमी पडतंय. घरचेबी म्हणतेत."

मीठ बरोबर होतं. भज्जी मी केली होती, आणि ते सुमनलाही ठाऊक होतं.